सुपरकपॅसिटरमध्ये (म्हणजे वीज साठवणारं, झटपट चार्ज होणारं उपकरण) कार्बन नॅनोफायबरवर, म्हणजे कार्बनच्या अतिबारीक धाग्यांवर, सिरियम ऑक्साइड कशाला, नुसतं कार्बन का नाही चालत?

चालतं की, पण नुसतं कार्बन चार्ज फक्त पृष्ठभागावर धरून ठेवतं, म्हणून जागा लवकर संपते. सिरियम एक इलेक्ट्रॉन घेत-देत ३+ आणि ४+ या दोन स्थितींमध्ये ये-जा करतं, त्या रिॲक्शनमुळे जास्तीचा चार्ज साठतो. अडचण एवढीच की हे ऑक्साइड वीज फार वाईट वाहून नेतं, एकटं वापरलं तर बरंचसं मटेरियल नुसतं पडून राहतं, म्हणून बारीक कण फायबरवर बसवायचे, म्हणजे प्रत्येक कणाला इलेक्ट्रॉन जायला-यायला रस्ता मिळतो.

मी मुंबईत हे फायबर बनवते, पॅन (पॉलिॲक्रिलोनायट्राइल) या पॉलिमरचं डीएमएफ या द्रावकातलं सोल्युशन सिरिंजमध्ये भरायचं, सुईला १५ केव्ही (किलोव्होल्ट) द्यायचे आणि समोरच्या फॉइलवर पांढरी जाळी जमते, मग हवेत २५० डिग्रीच्या आसपास तापवली की तपकिरी होते आणि नायट्रोजनमध्ये ८०० ला काळीभोर. जुलैत मात्र हे काम जीव काढतं, हवेतल्या दमटपणाने सुईच्या टोकावरच पॉलिमर घट्ट होऊन बसतो, डीह्युमिडिफायर लावल्याशिवाय सुरूच करू नका!

आणि सिरियम ज्या गटात येतं त्या धातूंना 'रेअर अर्थ' म्हणतात, पण म्हणजे दुर्मिळ असं नाही हं, सिरियम जमिनीत जवळपास तांब्याइतकं आहे, आपल्याकडे केरळच्या वाळूतल्या मोनाझाइट या खनिजामध्येही सापडतं.