काटा स्थिर, तरीही वेग बदलतो

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. मैदानाची पूर्ण फेरी मारणाऱ्या धावपटूचा सरासरी वेग शून्य, असे तिच्या पुस्तकात आहे. जो घामाघूम होईपर्यंत धावला, त्याचा वेग शून्य कसा?

उत्तर : बोलताना आपण ‘वेग’ हा शब्द चाल आणि वेग अशा दोन्ही अर्थांनी वापरतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. भौतिकशास्त्रात एकक काळात कापलेले अंतर म्हणजे चाल, तर एकक काळात झालेले विस्थापन, म्हणजे निघाल्या जागेपासून पोहोचल्या जागेपर्यंतचे सरळ रेषेतील, दिशेसह मोजलेले अंतर, म्हणजे वेग. ४०० मीटरची फेरी ८० सेकंदांत पूर्ण करणाऱ्याची सरासरी चाल सेकंदाला ५ मीटर भरते. पण तो निघाला तिथेच परतल्याने विस्थापन शून्य आणि म्हणून सरासरी वेगही शून्य. धावताना प्रत्येक क्षणी मात्र त्याला वेग होताच, हे मुलीला आवर्जून सांगा.

खरी गंमत वळणावर कळते. खंडाळ्याच्या घाटात गाडीच्या स्पीडोमीटरचा काटा ताशी ४० किलोमीटरवर स्थिर असला, तरी दिशा क्षणोक्षणी बदलत असल्यामुळे वेग बदलत राहतो, म्हणजेच गाडीला त्वरण (वेग बदलण्याचा दर) असते. डाव्या वळणावर आपण उजवीकडे झुकतो ते यामुळेच : गाडी वळते, शरीर मात्र सरळ जाऊ पाहते. काटा दाखवतो ती चाल. रस्त्याकडेच्या फलकावरची ‘वेगमर्यादा’ही काटेकोरपणे पाहता चालीचीच मर्यादा असते.