स्मारक : आठवणारे की आठवायला लावणारे?

समकालीन सार्वजनिक कलेविषयीच्या लेखनात, रूढ स्मारकाला छेद देणाऱ्या कलाकृतीसाठी येणारा ‘प्रतिस्मारक’ हा शब्द बरोबर आहे काय, आणि ‘पुतळा’ व ‘स्मारक’ यांत भेद करावा काय, अशी विचारणा झाली आहे. भेद करावाच. पुतळा हे आकाराचे नाव आहे आणि स्मारक हे कार्याचे. एखादा पुतळा चौथऱ्यावरून उतरवला की ‘स्मारक गेले, इतिहास पुसला गेला’ असे सरसकट लिहिले जाते, ते वाचताना मला दर वेळी क्लेश होतात.

मूळ धातू ‘स्मृ’. त्याला ‘करणारा’ या अर्थाचा ण्वुल् प्रत्यय थेट लावला, तर ‘कृ’पासून ‘कारक’ होतो तसा ‘स्मृ’पासून ‘स्मारक’ होतो आणि अर्थ निघतो ‘स्मरण करणारा’. काही जाणकार एवढ्यावर समाधान मानतात. ही व्युत्पत्ती नियमात बसते, परंतु अर्थाचा घात करते, कारण तिच्यामुळे आठवण्याचे काम दगडाकडे जाते आणि समोरून जाणारा माणूस त्यातून मोकळा होतो. स्मारक हा शब्द ‘स्मारयति’ या प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया करवण्याच्या, रूपावरून साधला पाहिजे, दुसऱ्याला आठवायला लावते ते स्मारक. मोनियर विल्यम्स यांचा संस्कृत-इंग्रजी कोशही ‘स्मरण करून देणारे’ हाच अर्थ देतो. यातला सर्वांत सुंदर भाग पुढेच आहे. पाणिनीय परंपरेत उत्कंठेने आठवण्याचा अर्थ असेल तर प्रयोजक रूप ऱ्हस्व, ‘स्मरयति’, होते आणि एरवी दीर्घ, ‘स्मारयति’. म्हणजे नुसती हुरहूर लावणाऱ्या वस्तूला ‘स्मरक’ म्हणावे लागले असते. आपण ‘स्मारक’ म्हणतो, त्या दीर्घ स्वरात हळहळीपेक्षा कठोर असे काहीतरी मागितलेले आहे, असे माझे ठाम मत आहे.

लॅटिनमधला ‘मोनुमेंटुम’ हा शब्दही ‘मोनेरे’ म्हणजे आठवण देणे, बजावणे, या क्रियापदावरून आला. तेही मुळात प्रयोजकच आहे आणि त्याचे मूळ आपल्या ‘मन्’, ‘मनस्’ यांच्याच कुळातले आहे. जर्मन भाषेत स्मारकाला ‘देंकमाल’ म्हणतात, पण अत्याचाराची आठवण देऊन बजावणाऱ्या वास्तूसाठी ‘मानमाल’ असा वेगळा शब्द आहे, आणि त्यातला पहिला अवयव याच कुळातला आहे.

योखेन गेर्झ आणि एस्थर शालेव-गेर्झ या कलावंतांनी 1986 मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागात शिशाने मढवलेला 12 मीटर उंचीचा स्तंभ उभारला. फॅसिझमविरुद्ध जागे राहण्याचे वचन म्हणून लोकांनी त्यावर आपली नावे कोरायची आणि हात पोचेल तेवढा भाग भरला की स्तंभ तेवढाच जमिनीत उतरवायचा, अशी ती रचना होती. नावांबरोबर शिव्या आणि स्वस्तिकेही कोरली गेली, आणि 1993 मध्ये स्तंभ पूर्णपणे जमिनीखाली गेला. समीक्षक याला प्रतिस्मारक म्हणतात. कर्त्यांनी मात्र नावात ‘मानमाल’ हाच शब्द ठेवला होता, आणि मला तेच योग्य वाटते, कारण आठवण्याचे काम इथे माणसांच्याच अंगावर ठेवलेले आहे.

याउलट इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातला, गुलामांच्या व्यापारात असलेल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा पाहावा. 1895 मध्ये उभारलेल्या त्या पुतळ्याच्या फलकावर त्याच्या सद्गुणांचा गौरव होता आणि गुलामांच्या व्यापाराविषयी अक्षर नव्हते. 7 जून 2020 रोजी आंदोलकांनी तो पाडून बंदरात ढकलला. पुढे तो रंगाच्या डागांसह, आडवा, संग्रहालयात मांडला गेला. प्रयोजकाच्या कसोटीवर तो उभा असताना पुतळाच होता आणि आडवा पडल्यावर स्मारक झाला.

आता ‘प्रति’ या उपसर्गाविषयी. ‘प्रतिकार’ शब्दात तो विरोध दाखवतो आणि ‘प्रतिकृती’ शब्दात सारखेपणा, त्यामुळे ‘प्रतिस्मारक’ म्हणजे स्मारकाची नक्कल, असाही अर्थ कोणी घेईल. हॅम्बुर्गमध्येच 1936 च्या युद्धगौरवाच्या शिल्पाशेजारी शिल्पकार आल्फ्रेड ह्रडलिच्का यांनी 1980 च्या दशकात त्याला उत्तर देणारी शिल्पे उभारली. चारांपैकी दोनच भाग पूर्ण झाले. असे एक स्मारक दुसऱ्यासमोर प्रत्युत्तर म्हणून उभे असेल, तिथे ‘प्रतिस्मारक’ शोभतो. कोलंबियातील बंडखोरांनी खाली ठेवलेली शस्त्रे वितळवून शिल्पकार डोरिस साल्सेदो यांनी बोगोता येथे 2018 मध्ये पायाखालची फरशी घडवली, तिला त्या स्वतः प्रतिस्मारक म्हणत असल्या, तरी मराठीत मी तिला स्मारकच म्हणेन.