उबुंटूवरच्या जेलीफिनला एक्स्टर्नल हार्ड डिस्क कायमची कशी दाखवायची?

तुम्ही लिहिलंय की डिस्क तुम्हाला दिसते, पण जेलीफिनला (घरातले व्हिडिओ टीव्ही-मोबाइलवर दाखवणाऱ्या मीडिया सर्व्हरला) तिच्यातलं काहीच दिसत नाही, आणि सीएचमॉड 777, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, करूनही फरक पडत नाही. नागपुरात मानेवाड्याला आमच्या घरी जुन्या लॅपटॉपवर हाच घोळ मी दोन महिने निस्तरलाय.

डिस्कच्या आत काही बिघडलेलं नाही, अडतंय दारात. उबुंटू डेस्कटॉप डिस्क आपणहून जोडतो ती मीडिया फोल्डरात, तुमच्या नावाच्या खणात, आणि तो खण फक्त तुमच्या युजरला उघडतो. जेलीफिन चालतं 'जेलीफिन' नावाच्या वेगळ्याच युजरखाली. शिवाय डिस्क विंडोजची, म्हणजे एनटीएफएस किंवा एक्सफॅट असेल, तर परवानग्या सहसा जोडतानाच ठरतात. नंतरचं सीएचमॉड वाया जातं.

आमच्याकडे आणखी एक गंमत. मे महिन्यात भर दुपारी कुलर सुरू असताना लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण अडॅप्टरवरची डिस्क बंद पडली. लाइट आल्यावर ती जोडली गेली खरी, पण जुना खण तसाच पडून होता म्हणून नावापुढे 1 लागला. जेलीफिन जुन्याच पत्त्यावर शोधत बसलं आणि आई विचारते, ताईच्या लग्नाचा व्हिडिओ कुठे गेला!

म्हणून जागा आपणच ठरवायची. एमएनटी या सिस्टम फोल्डरात 'सिनेमा' असं रिकामं फोल्डर करा. 'एलएसबीएलके -एफ' कमांडने डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा न बदलणारा ओळख क्रमांक, बघा. एसडीबी, एसडीसी या नावांवर विसंबू नका, ती बदलतात. आता ईटीसी फोल्डरातल्या एफएसटॅबची (कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलची) आधी एक प्रत काढून ठेवा आणि शेवटी एक ओळ घाला: यूयूआयडी, फोल्डरचा पत्ता, फाइल सिस्टम, मग ऑप्शन्स. विंडोजच्या डिस्कसाठी ऑप्शन्समध्ये यूआयडी आणि जीआयडी (युजरचा आणि ग्रुपचा क्रमांक) जेलीफिन युजरचे द्या ('आयडी जेलीफिन' कमांड ते आकडे सांगते), सोबत यूमास्क 022, म्हणजे लिहिणार फक्त मालक, बाकीचे नुसते वाचणार. डिस्क ईएक्सटी4 असेल तर हे तीन लिहू नका. जोडून झाल्यावर सीएचओन कमांडने फोल्डरची मालकी जेलीफिन युजरला द्या.

आणि ऑप्शन्समध्ये 'नोफेल', म्हणजे डिस्क नसली तरी अडू नको, हे विसरू नका. मी विसरलो होतो. ताई डिस्क घेऊन अमरावतीला गेली, इकडे लॅपटॉप रिस्टार्ट केला तर दीड मिनिट वाट बघून थेट इमर्जन्सी मोडमध्ये. घरात दुसरा कॉम्प्युटर नाही, मोबाइलवर शोधून शोधून रात्री बारा वाजता ओळ दुरुस्त केली.

रिस्टार्टच्या आधीच तपासा: डेस्कटॉपवरून डिस्क इजेक्ट करा, 'सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड', मग 'सुडो माउंट -ए'. काही चुकलं असेल तर तिथेच ओरडेल. शेवटी जेलीफिनच्या लायब्ररीत जुना पत्ता काढून नवा टाका आणि स्कॅन करा.

सुडो लावूनही डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही असं झालं, तर बहुतेक ती आधी विंडोजला लावलेली असते. तिथलं फास्ट स्टार्टअप बंद करून विंडोज नीट शटडाउन करा, मगच डिस्क काढा.