शनिवार-रविवार युरोप, सोमवारी अबोला

परदेशात राहणाऱ्या मराठी जोडप्यांकडून एक तक्रार मी समुपदेशक म्हणून गेली काही वर्षे इतक्यांदा ऐकते आहे की पहिल्या वाक्यावरूनच पुढचे लक्षात येते. “मॅडम, तसा आम्हाला काहीच त्रास नाही. नोकरी चांगली आहे, घर आहे, दर दोन-तीन आठवड्यांनी शनिवार-रविवारी कुठे ना कुठे फिरून येतो. पण परत आलो की भांडतो, आणि नाही गेलो तर जास्तच भांडतो. फिरणं कमी करायला हवं का?” कधी हाच प्रश्न इकडे राहणारे आईवडील विचारतात, त्यांच्या तोंडी तो “सारखी भटकत असतात, संसाराकडे लक्ष म्हणून नाही” असा असतो. या प्रश्नाचे उत्तर सहलींच्या संख्येत शोधू नये, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे, आणि ते का झाले हे एका जोडप्याच्या निमित्ताने सांगते. लिहिण्यासाठी त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना आपण केदार आणि मृण्मयी म्हणू या.

दोघे नेदरलँड्समधील आइंडहोवन शहरात राहतात. शेजारच्या फेल्डहोवनमध्ये चिपनिर्मितीची यंत्रे बनवणाऱ्या एएसएमएलचे मुख्यालय असल्यामुळे त्या परिसरात या उद्योगाचा मोठा पसारा आहे आणि भारतीय अभियंत्यांची संख्याही वाढती आहे. केदार त्यांपैकी एक. मृण्मयी दंतवैद्य असून लग्नापूर्वी नाशिकला तिचा स्वतःचा दवाखाना होता. केदारच्या वास्तव्य परवान्यामुळे तिला तिथे नोकरी करण्याची मुभा आहे. परंतु दंतवैद्य म्हणून काम करायचे तर आरोग्य व्यावसायिकांच्या ‘बिग’ नावाच्या सरकारी नोंदवहीत नाव लागावे लागते, आणि पदवी युरोपबाहेरची असेल तर त्यापूर्वी डच भाषेची व व्यवसायज्ञानाची परीक्षा द्यावी लागते. ज्या हातांनी दिवसाला वीस-वीस रुग्ण तपासले, ते हात आता दुपारी दोन वाजता काय करायचे या प्रश्नापाशी थांबत होते.

फिरण्याला मात्र कुठलाच अडसर नव्हता. शेंगेन या युरोपीय देशांच्या सामायिक व्हिसा क्षेत्रातील एका देशाचा वास्तव्य परवाना हाती असला की उरलेल्या देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा न काढता जाता येते, आणि या क्षेत्रात आज २९ देश आहेत. आइंडहोवनच्या विमानतळावरून स्वस्त विमाने सुटतात, बेल्जियममधले अँटवर्प किंवा जर्मनीतले कोलोन तर आगगाडीने सकाळी जाऊन रात्री परत येण्यासारखे. आपल्याकडे पुण्याहून महाबळेश्वरला जावे तितक्या सहजपणे ही मंडळी परदेशात जाऊन येतात.

आमच्या भेटी व्हिडिओ कॉलवर होत. हिवाळ्यात तिथल्या आणि इथल्या घड्याळात साडेचार तासांचे अंतर असते. त्यांचे सायंकाळचे पाच म्हणजे माझे रात्रीचे साडेनऊ. डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो, त्यामुळे त्यांच्या मागची खिडकी नेहमी काळी दिसे. सुरुवातीलाच केदारने मोठ्या उत्साहाने संगणकावरची एक यादी मला दाखवली. शहराचे नाव, विमान की आगगाडी, तिकिटाचा दर, बघण्याची ठिकाणे आणि प्रत्येक ठिकाणी लागणारी मिनिटे असे तिचे रकाने होते. झालेली शहरे हिरवी, तिकीट काढलेली पिवळी. ब्रूज, गेंट, प्राग, बुडापेस्ट, पोर्तो हिरवी होती. लक्झेंबर्गपुढे “बस, ट्राम, ट्रेन सगळं फुकट” अशी टीप होती, आणि ते खरेच आहे. त्या देशाने २०२० पासून सार्वजनिक वाहतूक विनामूल्य केली आहे. यादी अतिशय नेटकी होती. तिच्यात मृण्मयीने लिहिलेली एकही ओळ नव्हती.

“मी याच्या सहलीतली प्रवासी आहे, मॅडम,” ती म्हणाली. “पहाटे चारला उठायचं, ठरलेल्या मापाची बॅग भरायची, इथे चाळीस मिनिटं, तिथे वीस मिनिटं. रविवारी रात्री अकराला घरी. सोमवारी हा ऑफिसला, आणि मी धुण्याच्या ढिगासमोर.”

“मग तू आख ना! मी कधी नाही म्हटलंय?”

“तिकीट काढून झाल्यावर सांगतोस तू मला. त्यात मी काय आखू?”

अशा वेळी पुष्कळ जोडपी कामाच्या वाटणीचा तह करून मोकळी होतात: एक सहल तुझी, एक माझी. तो तह वाईट नसतो, पण महिन्याभरात मोडतो, कारण भांडणाचे मूळ जागचे हललेलेच नसते. मी या दोघांना तह सुचवला नाही. त्यांचे सर्वांत अलीकडचे भांडण कुठे झाले, एवढेच विचारले.

ते कोलोनला झाले होते. तिथले कॅथेड्रल रेल्वे स्थानकाला अगदी लागून आहे. १२४८ मध्ये सुरू झालेले त्याचे बांधकाम मध्ये काही शतके रखडून १८८० मध्ये पूर्ण झाले, मनोरे सुमारे १५७ मीटर उंच आहेत आणि दक्षिण मनोऱ्यावर जायला ५३३ पायऱ्या चढाव्या लागतात. मृण्मयीला सर्दी झाली होती, अंग कसकसत होते. ती म्हणाली, “तू जाऊन ये, मी खाली कॉफी घेत बसते.” केदार म्हणाला, “एवढ्या लांब येऊन खाली बसायचं?” तो एकटा वर गेला, रागातच उतरला, आणि परतीच्या गाडीत दोघे आपापल्या फोनमध्ये डोके घालून बसले. दुपारी काढलेला फोटो मात्र केदारने गाडीतूनच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. त्यात दोघेही हसत होते.

मी केदारला विचारले, “ती वर आली नाही, त्यानं काय बिघडलं?”

“वाया गेलं.”

“काय वाया गेलं?”

“दिवस. तिकिटाचे पैसे.”

“आणखी काय?”

तो काही बोलेना. अशा शांततेत समुपदेशकाने मदतीचा शब्द पुढे करू नये, हे मी कित्येक वर्षांच्या सरावाने शिकले आहे आणि ते पाळण्याचे मला समाधान वाटते. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “इथे येणंच वाया गेलं.”

मग हळूहळू सगळे बाहेर आले. आदल्या वर्षी सांगलीला त्याच्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. धावपळ धाकट्या भावाने केली. नव्या प्रकल्पामुळे केदारला जाता आले नाही, आणि “तू येऊन काय करणार, आम्ही आहोत ना” असे सगळेच म्हणाल्यामुळे त्याने हट्टही धरला नाही. वडील फोनवर एवढेच म्हणाले होते, “तू तिकडे मजेत आहेस ना, मग झालं.” त्या वाक्याचा त्याने मनोमन एक करार करून टाकला. मजेत असणे ही आता त्याची जबाबदारी होती. ग्रुपवर पडणारा प्रत्येक फोटो हा वडिलांना दिलेला हिशेब होता, आणि कोलोनला खाली कॉफी पीत बसलेली बायको त्या हिशेबातली तूट होती.

मृण्मयी हे पहिल्यांदाच ऐकत होती. ती म्हणाली, “मला वाटायचं, मी दवाखाना सोडून आले म्हणून तू हे सगळं माझ्यासाठी करतोस. म्हणून कंटाळा आला तरी मी नाही म्हणत नव्हते. म्हटलं, हा एवढं करतोय आणि मी तोंड वाकडं कसं करू?”

“अगं, तुला घरात कंटाळा येतो म्हणून तर मी...” असे म्हणून तो मध्येच थांबला, आणि दोघे स्क्रीनकडे न बघता एकमेकांकडे बघू लागले.

माझ्या कामातले हे क्षण मला फार मोलाचे वाटतात. दोन माणसे महिनोन् महिने परस्परांसाठी एक ओझे वाहत होती आणि दोघांनाही वाटत होते की ते समोरच्याला हवे आहे. शहरे बघण्याची हौस दोघांनाही होती, त्यात खोटे काही नव्हते. त्या हौसेवर मात्र एक अशी कामगिरी लादली गेली होती जी कुठल्याही शहराला पार पाडता येणार नाही. वडिलांच्या आजारपणात जवळ नसल्याची खंत प्रागमध्ये फिटत नाही. बंद केलेल्या दवाखान्याची भरपाई पोर्तोत होत नाही.

माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत झाली आहे, आणि या प्रकारच्या तक्रारींत तिच्याइतका उपयोग मला दुसऱ्या कशाचा झालेला नाही. माणसाला इच्छा असणे निरोगी आहे. इच्छेचा अट्टहास झाला की त्रास सुरू होतो, हे तिचे मुख्य सूत्र. “युरोपात आहोत तर जमेल तेवढे बघू” ही इच्छा झाली. “युरोपात आहोत तर सगळे बघितलेच पाहिजे, नाहीतर इथे आलोच कशाला” हा अट्टहास झाला. इच्छा पूर्ण झाली नाही तर वाईट वाटते आणि दुसऱ्या दिवशी माणूस कामाला लागतो. अट्टहास पूर्ण झाला नाही तर कोणाला तरी दोषी ठरवावे लागते, आणि परमुलखात दोष द्यायला बहुधा एकच माणूस हाताशी असतो. इकडे सासू असते, मैत्रीण असते, ऑफिसातला सहकारी असतो. राग दहा ठिकाणी वाटला जातो. तिकडे तो सगळा एकाच माणसाच्या वाट्याला येतो, ही परदेशातल्या संसाराची मला दिसलेली सर्वांत मोठी अडचण आहे.

पुढच्या भेटीत मी त्यांना एकच काम दिले: एक शनिवार स्थानक आणि विमानतळ दोन्ही वर्ज्य, आणि त्या दिवशी काय करायचे हे मृण्मयीने ठरवायचे. केदारने विरोध केला; शनिवार फुकट जाईल म्हणाला. तिने न्यूननला सायकलने जायचे ठरवले. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८८३ च्या अखेरीपासून दोन वर्षे या गावात राहिला आणि बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचे आपले प्रसिद्ध चित्र त्याने १८८५ मध्ये इथेच रंगवले. गाव आइंडहोवनपासून सायकलच्या अंतरावर आहे. ॲमस्टरडॅमला त्याच्या चित्रांच्या संग्रहालयात ही दोघे जाऊन आली होती, पण हे जवळचे गाव केदारच्या यादीत नव्हते, कारण तिथे जायला तिकीट लागत नाही. वाटेत त्यांनी परीक्षेविषयी बोलणे केले: डचच्या वर्गाची फी, रोज किती तास, आणि ती अभ्यासाला बसेल तेव्हा स्वयंपाक कोणी करायचा. दुपारी परत येऊन पिठलं-भात खाल्ला, झोपले, आणि संध्याकाळी केदारने फोटो न पाठवता वडिलांना फोन केला. वडील म्हणाले, “फोटो रोज बघतो रे, पण तुझा आवाज ऐकून महिना झाला.”

हे वाचणाऱ्या जोडप्यांना माझे सांगणे असे आहे की, तिकीट काढण्यापूर्वी दोघांनी एकमेकांना मोकळेपणी विचारावे: ही सहल कोणाला हवी आहे, आणि झाली नाही तर नेमके काय गमावल्यासारखे वाटेल? उत्तर ‘ते शहर’ असेल तर खुशाल जावे. उत्तरात आईवडील, सोडलेली नोकरी, पुढे ढकललेले मूल किंवा मित्रांचे फोटो आले, तर आधी त्या विषयावर बोलावे. सहल पंधरा दिवसांनी केली तरी चालते. सहलीत एकाने थकून बसण्याची आणि दुसऱ्याने एकट्याने मनोरा चढून येण्याची मुभा असावी, आणि त्यात दोघांनीही अपमान मानू नये. सोमवार ते शुक्रवार रोज थोडा वेळ एकमेकांसाठी काढावा, कारण आठवडाभर पाणी न घालता रविवारी घागर ओतली म्हणून तुळस तरारत नाही.

व्यवसाय सोडून गेलेल्या जोडीदाराबाबत मी विशेष आग्रही आहे. त्याचे किंवा तिचे रिकामेपण सहलींनी भरून काढण्याचा प्रयत्न करू नये. भाषेचा वर्ग, नोंदणीची परीक्षा, अर्धवेळ काम, जे शक्य असेल त्याला घराच्या वेळापत्रकात आणि खर्चात सहलीच्या आधी जागा द्यावी. केदार-मृण्मयी आजही फिरतात, पण सहली कमी झाल्या आहेत, आणि यादीत आता एक रकाना तिचा आहे, ज्यात ती नको असलेल्या शहरांपुढे सरळ फुली मारते. परीक्षेची तयारी चालू आहे. ती लांबेल असे दिसते, आणि त्यावरून त्यांची भांडणे होतातही.

इकडच्या आईवडिलांनी फोटोंवरून संसाराचा अंदाज बांधू नये. “मजेत आहेस ना” असे विचारले की मुलाला ‘हो’ म्हणण्यावाचून मार्ग उरत नाही, “या आठवड्यात काय अवघड गेलं?” असे विचारून पाहावे.

एक गोष्ट मात्र मी वेगळी काढते. जोडीदाराचे पासपोर्ट, बँक खाते किंवा फोन दुसऱ्याच्या ताब्यात असेल, घरात धाक किंवा मारहाण असेल, तर ते सहलीवरून होणारे भांडण नव्हे आणि वर लिहिलेले काहीही तिथे लागू होत नाही. नेदरलँड्समध्ये अशा वेळी ‘फायलिख थाउस’ या सेवेला ०८००-२००० या विनामूल्य क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो. मन सतत खचलेले वाटत असेल, झोप उडाली असेल, तर तिथल्या आपल्या ‘हाउसआर्ट्स’कडे, म्हणजे ज्याच्याकडे नाव नोंदवलेले असते त्या डॉक्टरकडे, आधी जावे; पुढच्या मानसोपचारासाठी शिफारसपत्र तोच देतो.