बीएससी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षानंतर प्रयोगशाळेत उन्हाळी इंटर्नशिप करावी का? गोव्यात मिळते का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. सुट्टीतल्या दीड-दोन महिन्यांत संशोधन प्रयोगशाळेत जाऊन खरंच काही पदरात पडतं का? आणि गोव्यात राहून ते जमेल की मुंबई-बंगळूरुच गाठायला हवं? मी गोव्यातल्याच साखळीची. बीएससी-एमएससी गोव्यातच केलं, उन्हाळी इंटर्नशिपही इथेच केली आणि आता इथेच फिजिक्स शिकवते. पदरात पुष्कळ पडतं, आणि त्यासाठी गोवा सोडायलाच हवा असं अजिबात नाही.

फक्त काय पडतं ते आधी समजून घ्या. शोध लागत नाही. शोधनिबंधावर नाव येईल या आशेने जाऊ नका. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच ठाऊक असतं. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण 9.8 आलं नाही तर मुलं पुन्हा पुन्हा रीडिंग घेतात, 9.8 आलं की थांबतात. संशोधनात ही सोय नाही. आलेला आकडा खरा की खोटा हे सांगणारं पुस्तक नसतं, ते तुम्हालाच शोधून काढावं लागतं. मला विचाराल तर इंटर्नशिप करायची ती यासाठी.

माझ्या वाट्याला मँगनाइट जातीचं संयुग आलं होतं: लँथॅनम, कॅल्शियम, मँगनीज आणि ऑक्सिजन. सुरुवात वजन करण्यापासून. लँथॅनम ऑक्साइड ही पांढरी पूड हवेतली वाफ शोषून हायड्रॉक्साइड होते. पूर्ण झाली तर 1 ग्रॅमची जवळपास 1.17 ग्रॅम होते. म्हणजे बाटलीतून काढून तशीच तोलली तर तराजू 1 ग्रॅम दाखवेल, पण लँथॅनम 14 टक्क्यांपर्यंत कमी असेल आणि पुढचं सगळंच बिघडेल. आपल्याकडे जूनमध्ये भिंतींना ओल येते, तिथे या पुडीचं काय होत असेल! म्हणून ती आधी भट्टीत 900 अंशांच्या आसपास तापवायची, डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, थंड करायची आणि बाहेर काढल्याबरोबर तोलायची. माझ्या मॅडमनी पहिल्या दिवशी हे कागदावर मांडून गणित माझ्याकडूनच करून घेतलं. मोलर वस्तुमान बारावीतच शिकले होते, पण त्याचा उपयोग काय ते त्या दिवशी कळलं.

मग अॅगेट या कठीण दगडाच्या खलात तासन्‌तास घोटणं, भट्टीत घालणं, काढून परत घोटणं. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते तुमच्याच वाट्याला येणार. पण नमुना आपल्या हाताने केलेला असला की आलेखातला प्रत्येक वाकडा बिंदू टोचतो, आणि तो टोचायलाच हवा. मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या पावसात वीज गेली, भट्टी मध्येच थंड झाली, तर तेही वेळेसकट वहीत लिहायचं. महिन्याभराने आलेख विचित्र आला की तीच ओळ कामाला येते.

रेझिस्टन्स मोजायचा तर मल्टीमीटरच्या दोन पिना लावून भागत नाही. नमुन्याचाच रेझिस्टन्स कमी असला तर तारा आणि सिल्व्हर पेस्टचे सांधे यांचा रेझिस्टन्स त्याच्यापेक्षा जास्त भरू शकतो. म्हणून चार तारा. बाहेरच्या दोघींतून करंट सोडायचा आणि आतल्या दोघींवर व्होल्टेज मोजायचं. व्होल्टमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे आतल्या तारा आणि त्यांचे सांधे हिशोबात येत नाहीत. नंतर करंटची दिशा उलटी करून तेच रीडिंग पुन्हा घ्यायचं, कारण तारांच्या दोन टोकांचं तापमान वेगळं असलं की करंट नसतानाही थोडं व्होल्टेज येतं. दिशा उलटी केली की खरं व्होल्टेज चिन्ह बदलतं, हे उपरं व्होल्टेज बदलत नाही. दोन्ही रीडिंगांमधला फरक घेऊन निम्मा केला की ते निघून जातं. हे पुस्तकात अर्ध्या पानात आटोपतं. हाताने केलं की जन्मभर विसरत नाही.

थंड करायला द्रवरूप नायट्रोजन, 77 केल्विन, म्हणजे उणे 196 अंश सेल्सिअस. इथे एक गोष्ट बजावून सांगते. त्याचा वायू झाला की आकारमान सुमारे 700 पट होतं आणि खोलीतला ऑक्सिजन बाजूला सारला जातो. पाऊस आत येतो म्हणून आपण खिडक्या लावून घेतो. नायट्रोजन ओतताना त्या लावायच्या नाहीत, आणि एकट्याने कधीच ओतायचा नाही.

तापमान उतरत गेलं तसा रेझिस्टन्स वाढत गेला, 250 केल्विनच्या आसपास शिखरावर गेला आणि तिथून खाली आला. अर्धवाहकासारखं वागणारी वस्तू धातूसारखी वागायला लागली. हे जगाला आधीपासूनच माहीत होतं. पण ती वळणारी रेघ आपण घोटलेल्या पुडीतून बिंदूबिंदूने उमटताना बघणं वेगळंच. त्या संध्याकाळी पुढे फिजिक्सच करायचं हे माझं ठरलं.

आता कुठे जायचं. ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ, झुवारीनगरला बिट्स पिलानीचा कॅम्पस, फर्मागुडीला आयआयटी: तिन्हीकडे फिजिक्सचं संशोधन चालतं. पण मुलं ज्यांचा विचारच करत नाहीत त्या दोन संस्था म्हणजे दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, 1966 पासूनची, आणि वास्कोत हेडलँड सड्यावरचं ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र. समुद्रविज्ञान म्हणजे मासे आणि शेवाळ असा समज घरोघरी आहे. प्रवाह, लाटा, भरती-ओहोटी हे सगळं फिजिक्सच आहे. मांडवीत भरती दिवसातून दोनदा येते, पण रोज त्याच वेळेला नाही, कारण चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य घटकाचा आवर्तकाळ 12 तास 25 मिनिटं असतो. पाण्याच्या पातळीच्या नोंदींतून असे घटक वेगळे काढणं हा कॉम्प्युटरवर करण्याजोगा सुरेख प्रकल्प आहे, आणि फुरियर विश्लेषण असं शिकलं की डोक्यात बसतं.

बाहेर जायचंच असेल तर तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी फेलोशिप आहे, बीएससीच्या मुलांसाठी मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा उपक्रम आहे. पुढे एमएससीला गेलात की मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआर) व्हीएसआरपी हा उन्हाळी संशोधन उपक्रमही बघा. असे अर्ज उन्हाळ्याच्या बरेच महिने आधी भरावे लागतात. एप्रिलमध्ये चौकशी सुरू करणाऱ्याची गाडी चुकलेली असते, म्हणून दिवाळीपासूनच लक्ष ठेवा.

गोव्यातल्या गोव्यात मात्र आधी तुमच्या कॉलेजच्या सरांना विचारा. त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी विद्यापीठातच एमएससी केलेलं असतं, कुठल्या प्रयोगशाळेत कोण मुलांना मनापासून शिकवतं हे त्यांना ठाऊक असतं. मग ईमेल लिहा, एकेकाला वेगळी. पन्नास जणांना एकच मजकूर पाठवला की तो लगेच ओळखू येतो. त्यांचा एखादा शोधनिबंध उघडा, सगळा समजणार नाही, पण त्यातली एक आकृती समजून घ्या आणि तिच्याविषयी एक खरा प्रश्न विचारा. पायथन येत असेल तर लिहा, सोल्डरिंग येत असेल तर नक्की लिहा. आठवड्याभरात उत्तर नाही आलं तर नम्रपणे एकदा आठवण करा.

पैशांचंही बोलायला हवं. फेलोशिपमध्ये मानधन मिळतं, पण ओळखीतून मिळालेली जागा बऱ्याचदा बिनपगारी असते. सत्तरी-डिचोलीकडच्या घरांत एप्रिल-मे म्हणजे काजूचा हंगाम, हातांची गरज असते, त्यात रोजचं बसभाडं आणि जेवण. घरच्यांशी आधी बोला आणि प्रयोगशाळेतही मोकळेपणाने सांगा. काजू आटोपल्यावर सुरू करू का, आठवड्यातून चार दिवस आले तर चालेल का, हे विचारण्यात कमीपणा नाही. असं विचारणाऱ्या मुलांबद्दल मला तरी जास्तच आदर वाटतो.

दोन जागा मिळाल्या आणि निवडायची वेळ आली तर संस्थेच्या नावावर जाऊ नका. होकार देण्याआधी विचारा: रोज मला शिकवायला कोण असेल, आणि उपकरणाला मी स्वतः हात लावू शकेन का? रोज तासभर बरोबर बसणारा पीएचडीचा एखादा विद्यार्थी जिथे असेल, ती जागा घ्या.