आमचा चार वर्षांचा लॅब्रेडॉर हल्ली जेवताना घरच्यांवरच गुरगुरतो, काय करावे?

आधी पशुवैद्याकडून त्याचे कान, दात आणि सांधे तपासून घ्यावेत, कारण एकाएकी सुरू झालेल्या चिडचिडीमागे पुष्कळदा दुखणे असते. गुरगुरल्याबद्दल मारू नये. गुरगुरणे हा इशारा आहे, आणि तो दडपला गेला की कुत्रा पुढच्या वेळी इशारा न देताच चावू शकतो. ताटलीत हात घालून ‘मालक कोण’ हे दाखवण्याची हौस तर सोडूनच द्यावी. त्याऐवजी, तो अंग न आखडता खात राहील इतक्या अंतरावरून जाताना उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्याकडे टाकून पुढे निघून जावे आणि हे अंतर हळूहळू कमी करावे. तोवर मुलांना जवळ जाऊ देऊ नये. दात लागलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.