पुरावा किती झाला म्हणजे पुरे?

प्रश्न : विज्ञान मूल्यनिरपेक्ष असते, असे आम्ही शाळेत शिकलो. मग अनिश्चितता असते तेव्हा मूल्ये मध्ये येतातच कशी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : औषधाने शरीरात काय घडते, हे कोणाच्या मूल्यांवर ठरत नाही, मात्र किती पुरावा पुरेसा मानायचा, हे चूक झाल्यास ती कोणाला भोवेल याचा विचार केल्याशिवाय ठरवताच येत नाही. सप्टेंबर १९६० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा अर्ज आला, तेव्हा ते युरोपात सर्रास विकले जात होते. कंपनीचा तगादा सुरू असतानाही अर्ज तपासणाऱ्या अधिकारी डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी मंजुरी अडवून धरली. पुढे हे औषध घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येत असल्याची एका ब्रिटिश डॉक्टरची नोंद वाचनात आल्यावर त्यांनी गर्भावरील परिणामांची माहितीही मागितली. गर्भाला होणारा अपाय तेव्हा सिद्ध झालेला नव्हता. पण औषध उशिरा आले असते तर फार तर काहींची झोप उडाली असती (आणि तीही दुसऱ्या गोळीने भागली असती). उलट औषध विकू देण्यात झालेल्या चुकीची किंमत जगभरातील हजारो बालकांनी अविकसित हातापायांनिशी मोजली. अखेरच्या टप्प्यातील कर्करुग्णाच्या औषधाला मात्र हाच निकष लावणे मला क्रूरपणाचे वाटते, कारण थांबायला त्याच्याकडे वेळच नसतो.